पऱ्हाटीचा धडा, मोबाईलवर

यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावकडच्या कृषिसखींसाठी, म्हणजे गावात शेतीचा सल्ला देणाऱ्या ताईंसाठी, मी ऑनलाइन धडे बनवते. सध्या विषय पऱ्हाटीवरच्या, म्हणजे कापसावरच्या, गुलाबी बोंडअळीचा.

एका धड्यात एकच काम: कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा) लावणं वेगळं, पतंग मोजणं वेगळं. सलग ३ रात्री, दर रात्री सापळ्यामागे ८ किंवा जास्त पतंग आले की उपाय करायचा. मग प्रश्नही वावरातलाच हवा: "परवा ९, काल ८, आज ३. काय कराल?" व्याख्या पाठ करून घेण्यात मला अर्थ दिसत नाही. उत्तर चुकलं तर नुसती लाल फुली नको, कारण सांगायचं. लाल-हिरवा फरक सगळ्यांना दिसतोच असं नाही.

सर्वात जास्त वेळ मी फोटोंच्या वर्णनावर घालवते. एका ताईंना फार कमी दिसतं, त्या टॉकबॅकने, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या मोबाईलमधल्या सोयीने, ऐकतात. डोमकळीच्या (बोंडअळी लागलेल्या फुलाच्या) फोटोला "कापसाचं फूल" एवढंच लिहिलं तर त्यांना काय कळणार? "पाकळ्या न उमललेलं, गुलाबकळीसारखं फूल" असं लिहिलं की कळतं.

व्हिडिओखाली मराठी सबटायटल असतातच. अक्षर-पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या नियमावलीप्रमाणे किमान ४.५:१ ठेवते, फिकट राखाडी अक्षरं उन्हात वाचून पाहा एकदा! आणि धडे डाउनलोड होतात, कारण वावरात रेंज नसते.