‘आज करून देतो मॅडम’

नागपुरात प्रतापनगरला माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. दोन खाटा आणि एक ट्रॅक्शन मशीन, एवढंच. महिन्यातून एकदा पेशंटना मेल पाठवायचा ठरवलं. लिहायला एक संध्याकाळ लागली. तो मेल लोकांच्या इनबॉक्समध्ये पडायला १७ दिवस लागले आणि त्यातले १४ एका माणसाने खाल्ले.

मेलच का, तर व्यायामाचा कागद पेशंट घरी नेतात, फ्रिजवर लावतात आणि बरं वाटलं की व्यायाम बंद. सहा महिन्यांनी तीच कंबर घेऊन परत. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं सकाळच्या गुलाबांखाली गाडलं जातं. पहिला अंक महालक्ष्म्यांवर होता. आपल्याकडे त्या दिवसांत बायका पहाटेपासून ओट्याशी उभ्या. पुरण, आंबील, सोळा भाज्या. ओट्याखाली पाट ठेवा, एकेक पाय आळीपाळीने त्यावर टेका, भाज्या निवडणं-चिरणं बसून करा, असं साधंच लिहिलं होतं.

आधी नेहमीच्या जीमेलच्या पत्त्यानेच, पण न्यूजलेटरच्या सेवेतून पाठवून पाहिला. घरचे आणि मैत्रिणींचे मिळून नऊ पत्ते. सात ठिकाणी स्पॅममध्ये, लॉटरी अन् कर्जवाल्यांच्या शेजारी. पाकिटावर नाव जीमेलचं आणि टपाल टाकणारा सर्व्हर भलत्याचाच, म्हणून गुगलला तो तोतया वाटतो. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने हे नियम कडक केलेत. रोज ५,००० मेल पाठवणाऱ्यांना जास्त अटी, पण माझ्यासारख्या तीनशेवालीचीही सुटका नाही. स्वतःचं डोमेन (म्हणजे वेबसाइटचं ‘डॉट इन’वालं नाव) हवं आणि त्याच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्या नावाच्या जाहीर नोंदवहीत, तीन नोंदी: एसपीएफ (आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल टाकू शकतात), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (हे जुळलं नाही तर मेलचं काय करायचं).

डोमेन होतं. वेबसाइट करून देणाऱ्या भाऊंनीच चार वर्षांपूर्वी घेतलं होतं. स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या मोबाइल नंबरवर. पैसे दरवर्षी मी भरते, ओटीपी त्यांना येतो. हे मला पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात कळलं!

‘‘भाऊ, तीनच ओळी टाकायच्या आहेत. पासवर्ड द्या, मी टाकते.’’

‘‘पासवर्ड नाही देता येत मॅडम, बाकी लोकायचे डोमेन बी त्याच्यातच आहेत. मी आज करून देतो ना.’’

तो ‘आज’ मंगळवारचा होता. बुधवारी लाइन गेली होती. गुरुवारी ते कामठीला. शुक्रवारी ‘करूनच राहिलो’. मग पोळा आला. दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक. तिच्यामुळे दोन पेशंट आले नाहीत, मी रिकामी बसले होते. मोबाइलवर इतवारीतले व्हिडिओ येत होते आणि ‘घेऊन जा गे मारबत’ ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे एकच चेहरा होता.

मारबतीच्या दुसऱ्या दिवशी भाऊंचा मेसेज: ‘झालं मॅडम’. पाठवून पाहिलं. पुन्हा स्पॅम. मग मी स्वतःच शोधत बसले. जीमेलमध्ये मेल उघडून तीन ठिपक्यांतलं ‘शो ओरिजिनल’ दाबलं की तिन्ही नोंदी पास की फेल ते दिसतं. (हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझे डझनभर फोन वाचले असते.) डीमार्क फेल. घोळ असा की डीकेआयएमच्या नावाच्या रकान्यात भाऊंनी अख्खं डोमेन लिहिलं होतं, आणि नोंदी भरायचं पान (पॅनल) ते मागे आपोआप जोडतं. म्हणजे क्लिनिकचं नाव डॉट इन, पुढे पुन्हा क्लिनिकचं नाव डॉट इन. शिवाय एसपीएफची जुनी नोंद तशीच ठेवून खाली दुसरी टाकलेली. एका डोमेनला ती एकच चालते.

‘‘असं होतच नाही मॅडम.’’

स्क्रीनशॉट पाठवले. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. शेवटी महालक्ष्म्या आल्या त्या दिवशी दुपारी मी सीताबर्डीवर भाऊंच्या ऑफिसात गेले. लिफ्ट बंद, तिसरा मजला. त्यांच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, आता झाल्याशिवाय उठत नाही. दुसऱ्यांदा आलेलं डोमेनचं नाव खोडलं, दोन एसपीएफची एक ओळ केली. चार मिनिटं. घड्याळ बघूनच सांगते आहे. बदल सगळीकडे पोहोचायला ४८ तासांपर्यंत लागू शकतात. माझं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जमलं.

तर डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मोबाइलवर घ्या. बाकी सगळं येतं.

बिलासाठी घेतलेल्या पत्त्यांवर परस्पर मेल टाकू नका. २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा आहेच, पण लोकांनाही ते आवडत नाही. मी रजिस्टरात वेगळा रकाना केला: ‘मेल पाठवू का?’ आणि पुढे सही. आणि हो, गेल्या वर्षी एकदा सुट्टीची सूचना साध्या मेलने पाठवताना सगळे पत्ते ‘टू’मध्ये टाकले होते. एका काकूंनी सगळ्यांनाच उत्तर दिलं, गुडघ्याच्या तपशिलासकट. त्यांची घरी जाऊन माफी मागितली.

दुसऱ्या अंकात माझ्याकडे कधी येऊ नका ते लिहिलं. कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा गेला किंवा बसायची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी थेट हॉस्पिटल. सगळ्यांत जास्त उत्तरं त्या अंकाला आली. जाहिरातीच्या एकाही ओळीला आलं नव्हतं.

पहिल्या अंकाला मात्र एकच आलं होतं, महालक्ष्म्यांचं जेवण उरकल्यावर, रात्री साडेदहाला: ‘मॅडम, पंगत उठली, आता सांगून राहिल्या का? पुढच्या वर्षी आधी पाठवा जी.’