मॉरिशसचा नैर्ऋत्य भाग स्वतः गाडी चालवून : शामारेलचा उतार, भाड्याची गाडी आणि वाटेवरचे खाणे

मॉरिशसला जायचे ठरल्यापासून आम्हाला भेटलेल्या प्रत्येकाने एकच गोष्ट सांगितली होती, की बेट एवढेसे आहे, गाडी घेतली की एका दिवसात सगळे पाहून होते. नकाशा समोर ठेवला तर हे पटतेही, कारण बेटाची लांबी सुमारे ६५ किलोमीटर आणि रुंदी सुमारे ४५ किलोमीटर आहे, म्हणजे पुण्याहून निघून लोणावळ्याला पोहोचावे एवढेच अंतर. प्रत्यक्षात हा सल्ला सपशेल दिशाभूल करणारा आहे. राजधानी पोर्ट लुईपासून विमानतळापर्यंतचा मोठा रस्ता सोडला, तर उरलेल्या बेटावर अंतरावरून वेळेचा अंदाज बांधताच येत नाही. गावांतून वेगमर्यादा ताशी ४० किलोमीटरपर्यंत खाली येते, वेग टिपणारे कॅमेरे जागोजागी आहेत, आणि जून ते डिसेंबर या ऊसतोडीच्या काळात उसाने भरलेली एखादी लॉरी पुढे आली की तिच्या मागून रांगत जाण्याखेरीज गत्यंतर नसते. उत्तरेकडच्या ग्राँ बे परिसरातले आमचे दिवस आरामात गेले; त्यांविषयी सांगण्यासारखे काही नाही. पुढचे सगळे लिहायचे ते नैर्ऋत्येकडच्या डोंगराळ भागासाठी.

हॉटेलमध्ये आखून मिळालेला कार्यक्रम असा होता : पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक आँ फ्लाकहून निघायचे, काझ न्वायालपाशी डावीकडे वळून घाट चढून शामारेलला जायचे, तिथला धबधबा आणि सप्तरंगी माती पाहायची, जेवायचे, मग दक्षिणेकडे बे द्यु कापला उतरून किनाऱ्याने सुयाकपर्यंत जायचे आणि संध्याकाळी गंगा तलाव या हिंदू तीर्थस्थानावरून परत यायचे. कागदावर हे सुरेख दिसते. असा कार्यक्रम कोणी हातात दिला तर तो सरळ बाजूला ठेवावा. डोंगर आणि किनारा यांना दोन वेगळे दिवस द्यावेत, आणि एकच दिवस हाताशी असेल तर दोहोंपैकी एकच निवडावा.

याचे कारण शामारेल ते बे द्यु काप हा उतार. अंतर जेमतेम दहाएक किलोमीटरचे असेल, पण संपूर्ण प्रवासात आमचा घाम काढला तो याच तुकड्याने. काझ न्वायालहून वर येणारी वाट तीव्र चढाची आणि नागमोडी असली तरी सकाळच्या उजेडात ती जमते, आणि चढताना गाडी आपल्या ताब्यात राहते. उतरताना मात्र वळणामागून वळण येते, कित्येक ठिकाणी दोन्ही बाजूंना झाडी किंवा पुरुषभर उंचीचा ऊस असल्यामुळे समोरून काय येत आहे ते शेवटच्या क्षणापर्यंत कळत नाही, आणि रस्त्याच्या कडेला उतरायला साइडपट्टी म्हणून काही नसते. डांबर संपते तिथे काळ्या दगडात बांधलेले उघडे, खोल गटार सुरू होते. समोरून बस आली की आपला भारतीय हात सवयीने स्टिअरिंग डावीकडे ओढतो, आणि इथे डावीकडे तेच गटार असते. आम्ही दुपारी जेवून निघालो तेव्हा वरच्या बाजूने ढग उतरून आले होते, पाऊस लागला होता, आणि अर्ध्या उतारावर ब्रेकच्या पट्ट्यांचा जळका वास गाडीत भरला. एका रुंद वळणावर शेतात जाणाऱ्या कच्च्या वाटेच्या तोंडाशी गाडी उभी करून चाके निवण्याची वाट पाहत बसावे लागले. कार्यक्रम आखून देणाऱ्याने या उताराचा अवाक्षरानेही उल्लेख केला नव्हता.

ज्यांनी पावसाळ्यात वरंध किंवा आंबेनळी घाट स्वतः चालवला आहे त्यांना हा उतार अशक्य नाही, परंतु त्यांनीही काही गोष्टी पाळाव्यात. भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक लहान गाड्या ऑटोमॅटिक असतात. उतारावर त्या ‘डी’मध्ये सोडून ब्रेकवर भार टाकत राहू नये, लिव्हर ‘एल’ किंवा ‘२’वर आणून इंजिनाला गाडी रोखू द्यावी. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवावा. एरवी इथे हॉर्न फारसा ऐकू येत नाही, पण घाटात स्थानिक लोकही वाजवतात. समोर बस दिसली तर वळणाच्या आधीच थांबून तिला जाऊ द्यावे. दुपारनंतर आणि पावसात उतरूच नये. त्याऐवजी शामारेलहून पुढे प्लेन शाम्पाञच्या पठारी रस्त्याने ब्लॅक रिव्हर दरीच्या दर्शनस्थळाकडे जावे आणि वाकोआमार्गे परतावे. हा रस्ता उंचावर आहे, तिथे धुके असते, पण त्याचा चढउतार सौम्य आहे. दरीचे दृश्य पाहायला पैसे पडत नाहीत आणि माझ्या मते ते शामारेलच्या रंगीत मातीपेक्षा कितीतरी मोलाचे आहे. रंगीत माती पंधरा मिनिटांत पाहून होते. तिकीट काढायचेच असेल तर त्याच आवारातल्या सुमारे १०० मीटर उंचीच्या धबधब्यासाठी काढावे, आणि सकाळी, प्रवासी गाड्यांचे ताफे येण्याआधी पोहोचावे.

आता गाडीविषयी. परवाना असलेल्या भाड्याच्या गाडीला मॉरिशसमध्ये पिवळी नंबरपाटी असते. कोणी आपली खासगी गाडी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नये, कारण अपघात झाला तर विमा मिळत नाही. आम्ही रीतसर पिवळ्या पाटीची गाडी घेतली आणि तरीही नाडले गेलो. गाडी परत करताना एजन्सीच्या माणसाने डाव्या पुढच्या चाकाच्या रिमवर, नखाने चाचपडल्याशिवाय कळणार नाही असा एक ओरखडा दाखवला, ‘पूर्ण विमा’ म्हणून विकलेल्या विम्यात चाके, काचा आणि गाडीचा तळ येत नाही असे सांगितले, आणि आमच्या क्रेडिट कार्डावर अडकवलेल्या अनामतीतून आठ हजार रुपये कापून घेतले. तो ओरखडा आमच्या हातात गाडी येण्याआधीचा होता, हे सिद्ध करण्यासाठी आमच्याकडे दारे आणि बंपर यांचे फोटो होते, चाकांचे नव्हते. म्हणून ताब्यात घेतानाच चारही रिम, टायरच्या बाजू आणि बंपरची खालची कड यांचा सलग व्हिडिओ एजन्सीच्या माणसाला सोबत उभे करून काढावा, आणि विम्यात काय येत नाही ते त्याच्याकडून कागदावर लिहून घ्यावे. हॉटेलच्या दारात गाडी आणून देतो म्हणणारा माणूस बहुधा घाईत असतो. त्याला थांबवून ठेवायला अजिबात संकोचू नये.

इथे आपल्या लोकांची आणखी एक फसगत होते. चलनाचे नाव रुपयाच असल्यामुळे आकडा ऐकून मन आपोआप आपल्या रुपयांत हिशेब करते, परंतु मॉरिशसचा एक रुपया आपल्या दीड रुपयाहून अधिक आहे. त्यातच टॅक्सीवाले आणि सहली विकणारे भाव युरोमध्ये सांगतात. भाव मॉरिशियन रुपयांतच विचारावा, आधी ठरवावा आणि मगच दार उघडावे.

खाण्याच्या बाबतीत माझा निर्णय पक्का आहे : घाटातल्या आणि किनाऱ्यावरच्या ‘दृश्यासह जेवण’ देणाऱ्या उपाहारगृहांवर पैसे उधळू नयेत. त्यांच्या गच्चीवरून जे दिसते ते रस्त्याच्या कडेवरूनही दिसते. शामारेलला आम्हाला मिळालेली भाजीची थाळी पाणचट होती आणि तिच्या पैशात चार जणांचे रस्त्यावरचे खाणे सहज झाले असते. मॉरिशसचे खरे अन्न काचेच्या पेटीत, दुचाकीच्या मागे किंवा बाजाराच्या कोपऱ्यावर असते, आणि ते सकाळी असते. रोझ हिलच्या बाजारपेठेत पुरणपोळीच्या जातीची ढोल पुरी खावी. हरभऱ्याच्या डाळीऐवजी पिवळ्या वाटाण्याची डाळ भरड वाटून पोळीत भरलेली असते. गूळ नसतो, जिरे आणि हळद असते. एका वेळी दोन पोळ्या एकमेकींवर ठेवून त्यांवर मोठ्या पांढऱ्या पावट्याची रस्सा भाजी, टोमॅटोची रुगाय आणि कोथिंबिरीची चटणी घालतात, कागदात गुंडाळतात आणि हातात देतात. मिरचीचा ठेचा नको असेल तर तो घालण्याआधीच सांगावे लागते, कारण विक्रेत्याचा हात विलक्षण चपळ असतो. बिहारी गिरमिटियांनी, म्हणजे करारावर आलेल्या मजुरांनी, इथवर आणलेली ही पोळी पुरणपोळीवर वाढलेल्या माणसाला ओळखीची वाटते, आणि शाकाहारी माणसाची दुपार तिच्यावर निभावते. दुपारनंतर पेटी रिकामी झालेली असते, म्हणून घाटात जायचे असेल तर सकाळीच बांधून घ्यावी.

तामारँच्या आसपास सकाळी पावाच्या पोटात लोणी लावून ‘गातो पिमाँ’ भरून देतात. आपल्या डाळवड्याचाच तो धाकटा भाऊ आहे, फक्त त्यात पातीचा कांदा असतो. गरम असतील तरच घ्यावेत. ल मॉर्नच्या किनाऱ्यावर गाडीवाल्याकडचे छोटे अननस अवश्य खावे : डोळे निघून जातील असे नागमोडी खाचे पाडून सोललेले, देठाचीच मूठ ठेवलेली, आणि चिंच, मीठ व मिरची यांत घोळवलेले. नूडल्स म्हणजे ‘मीन फ्री’ मागवताना मात्र शाकाहारी लोकांनी अंडे आणि ऑयस्टर (कालवांचा) सॉस दोन्ही नको असे वेगवेगळे सांगावे, कारण मांस नको म्हटल्यावर एवढे आपोआप वगळले जात नाही. पोर्ट लुईच्या मंडईत सब्जा घातलेला थंड आलुदा मिळतो. तो फालुद्यापेक्षा पातळ आणि उन्हात फिरणाऱ्यासाठी अधिक चांगला आहे.

किनाऱ्याचा दिवस ल मॉर्नपासून सुरू करावा. ५५६ मीटर उंचीचा हा एकांडा डोंगर पळून आलेल्या गुलामांच्या आश्रयासाठी ओळखला जातो आणि २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथून माकोंदेच्या वळणापर्यंतचा रस्ता हा या सबंध बेटावरचा सर्वांत देखणा रस्ता आहे, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. समुद्र अक्षरशः चाकाशेजारी असतो, खडक पाण्यात घुसलेला असतो आणि रस्ता त्याला वळसा घालून जातो. वळणावर गाडी थांबवू नये. अलीकडे किंवा पलीकडे जागा पाहून उभी करावी आणि चालत येऊन पायऱ्यांनी वर चढावे. पुढे सुयाकजवळच्या ग्री-ग्रीला प्रवाळाचा बांध नसल्यामुळे लाटा थेट कड्यावर आदळतात. तिथे पोहू नये, कितीही उथळ दिसले तरी.

सुयाकजवळच्या रोचेस्टर धबधब्याकडे उसातून जाणाऱ्या कच्च्या वाटेवर काही तरुण गाडी अडवून पार्किंगचे आणि वाट दाखवण्याचे पैसे मागतात. आमच्याकडे मागितलेली रक्कम पहिल्या नकारानंतर निम्म्यावर आली, यावरूनच तिची योग्यता समजावी. वाट सरळ आहे, वाटाड्याची गरज नाही, आणि गाडीत कोणतीही वस्तू दिसेल अशी ठेवू नये. धबधबा चांगला आहे, पण वेळ कमी असेल तर तो सोडण्यात काही नुकसान नाही.

परतीसाठी सुयाकहून उत्तरेला बुआ शेरीच्या चहामळ्यांवरून गंगा तलावाकडे जाणारा रस्ता घ्यावा. हिवाळ्यात म्हणजे जून-जुलैमध्ये सहाच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे चारला सुयाक सोडणे आवश्यक आहे. तलावाकाठची माकडे हातातले खाणे हिसकावून नेतात. महाशिवरात्रीच्या आठवड्यात मात्र या रस्त्यांवर भाड्याची गाडी घालूच नये : कावडी घेतलेले हजारो यात्रेकरू बेटाच्या सर्व बाजूंनी रात्रंदिवस पायी चालत येतात, रस्ते त्यांचेच असतात आणि वाहतूक तासन्‌तास हलत नाही. त्या दिवसांत जाणे झालेच तर गाडी लांब ठेवून त्यांच्याबरोबर पायी जावे. गणेशचतुर्थीला जाणाऱ्या मराठी माणसांनी हे लक्षात ठेवावे, की मॉरिशसमध्ये या सणाची सार्वजनिक सुटी असते आणि ती बहुधा आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते, म्हणून गाडी घ्यायची किंवा परत करायची असेल तर ते काम सुटीच्या आदल्या दिवशीच उरकावे.