याहून कमी होणार नाही, हे कशावरून?

आपल्या शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेत लिहायला मिळतंय, याचा आनंद मोठा आहे. ऋण, उपकार असे शब्द लिहून मोकळं होण्यापेक्षा शाळेने मला दिलेलं एक गणितच इथे मांडतो. पुढे ज्या विषयात संशोधन केलं, जो विषय कॉलेजात आणि विद्यापीठात शिकवला, तो सगळा त्या एका गणितातून निघाला आहे.

१९६१ साली गोवा मुक्त झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत गावोगावी मराठी शाळा निघाल्या. आपली शाळा त्यांतलीच. शिक्षक यायचे ते सावंतवाडी, बेळगाव, कोल्हापूरकडून. आमचे गणिताचे सर बेळगावकडचे. आमच्यातली बरीच मुलं घराण्यात हायस्कूल पाहणारी पहिलीच होती. डिचोली तालुका म्हणजे खाणींचा मुलूख. खनिजाचे ट्रक दिवसभर धक्क्याकडे जायचे आणि तिथून बार्ज मांडवीतून मुरगाव बंदराकडे. माझे वडील बार्जवर होते. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी, आग्वादजवळ, वाळूच्या पट्ट्यामुळे बार्जना बाहेर जाता येत नाही. मग त्या कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरतात आणि तिथून मुरगाव गाठतात. हे घरी ऐकलेलं सरांनी एकदा वर्गात माझ्याकडून सगळ्यांना सांगवलं, आणि लगेच फळ्याकडे वळून गणित घातलं.

दोन खाणी, दोन धक्के. पहिल्या खाणीतून ४० ट्रक निघतात, दुसरीतून ६०. प्रत्येक धक्क्यावर ५० ट्रक रिकामे व्हायला हवेत. पहिल्या खाणीपासून पहिला धक्का ३ किलोमीटर, दुसरा ५. दुसऱ्या खाणीपासून पहिला धक्का ४ किलोमीटर, दुसरा ९. सगळ्या ट्रकांचं मिळून अंतर कमीत कमी किती होईल?

आम्ही सगळ्यांनी एकच केलं. सर्वांत जवळची वाट ३ किलोमीटरची, म्हणून पहिल्या खाणीचे ४०च्या ४० ट्रक पहिल्या धक्क्यावर पाठवले. तिथे उरलेल्या १० जागा दुसऱ्या खाणीला दिल्या आणि बाकीचे ५० ट्रक ९ किलोमीटरवर धाडले. १२०, ४० आणि ४५० मिळून ६१०. सरांनी ते उत्तर फळ्यावर तसंच ठेवलं आणि दोनच ट्रकांची अदलाबदल केली. पहिल्या खाणीचा एक ट्रक दुसऱ्या धक्क्यावर, दुसऱ्या खाणीचा एक पहिल्यावर. आधी दोघांचं मिळून अंतर ३ आणि ९, म्हणजे १२ होतं. आता ५ आणि ४, म्हणजे ९ झालं. एका अदलाबदलीत ३ किलोमीटर वाचले. अशा ४० अदलाबदली होतात. ६१० वरून उत्तर थेट ४९० वर आलं. सर्वांत आखूड वाट एकाही ट्रकने धरायची नाही, आणि तरी एकूण अंतर कमी! आम्हाला ते पटायलाच थोडा वेळ लागला.

मग सरांनी विचारलं, "४९०पेक्षा कमी होणारच नाही, हे कशावरून?"

आम्ही म्हणालो, अजून अदलाबदल करून पाहू. सर म्हणाले, "पाहा. जमलं नाही, तर तुम्हाला जमलं नाही एवढंच ठरेल. कुणालाच जमणार नाही, हे कसं दाखवाल?" वर्गात कुणाकडे उत्तर नव्हतं आणि सरांनीही ते दिलं नाही. दोन इयत्तांना एकाच वर्षी शिकवणारा हा माणूस नववीच्या मुलांसमोर असा प्रश्न उघडा ठेवून जाऊ शकला, याचं मोल मला पुढे स्वतः शिकवायला लागल्यावर कळलं. उत्तर देऊन टाकण्याचा मोह फार मोठा असतो.

पणजीत बी.एस्सी. झालो, तेव्हा गोव्यातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली होती. एम.एस्सी. मुंबईला, आणि मग पवईच्या आय.आय.टी.त पीएच.डी. विषय ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे हाताशी आहे त्यात काम सर्वांत चांगलं कसं होईल, हे गणिताने ठरवण्याचं शास्त्र. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये वाढलेली ही विद्या. पॅट्रिक ब्लॅकेट या भौतिकशास्त्रज्ञाच्या गटाने आकडेवारी तपासून दाखवलं, की मालवाहू जहाजांचा ताफा मोठा केला तर प्रमाणात नुकसान कमी होतं. ताफ्यातली जहाजं वाढतात त्या मानाने त्याचा घेर कमी वाढतो, आणि पहारा द्यायचा असतो तो घेराला. नौदलात तोवर उलट समज होती. युद्ध संपल्यावर हीच रीत कारखाने, रेल्वे, दवाखाने यांच्याकडे आली.

पवईला मला सरांच्या प्रश्नाचं दुसरं उदाहरण भेटलं आणि ते मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगत आलो. जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाने १९४५ साली ७७ खाद्यपदार्थ आणि ९ पोषक घटक घेऊन एका माणसाचा वर्षाचा सर्वांत स्वस्त सकस आहार काढायचा प्रयत्न केला. अटकळीने, अंदाजाने त्याने ३९ डॉलर ९३ सेंटचा आहार बसवला. १९४७ साली जॉर्ज डँट्झिग या गणितज्ञाने असे कमीत कमीचे प्रश्न पायरीपायरीने सोडवणारी सिम्प्लेक्स पद्धत शोधल्यावर हाच प्रश्न तिच्यावर चालवून पाहिला गेला. हाताने चालवायच्या यंत्रांवर ९ कारकून बसले, सुमारे १२० माणूस-दिवस खपले, आणि उत्तर आलं ३९ डॉलर ६९ सेंट. फरक फक्त २४ सेंटचा. स्टिगलरची अटकळ अप्रतिम होती. पण आपण सर्वोत्तमाच्या इतके जवळ आहोत, हे त्याला स्वतःला सांगता येत नव्हतं.

ते सांगण्याचं साधन म्हणजे द्वैताचा सिद्धान्त: अशा प्रत्येक कमीत कमीच्या प्रश्नाला जास्तीत जास्तचा एक जोडप्रश्न असतो, आणि दोन्हींचं उत्तर एकच येतं. ऑक्टोबर १९४७ मध्ये डँट्झिग आपला प्रश्न घेऊन प्रिन्स्टनला जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञांकडे गेला, तेव्हा फॉन नॉयमन यांनी तासाहून अधिक वेळ त्यालाच हा सिद्धान्त समजावून दिला. मी पुस्तकात तो वाचला त्या रात्री हॉस्टेलच्या खोलीत आधी सरांचं गणित सोडवलं. ते असं.

दुसऱ्या खाणीतून निघणाऱ्या प्रत्येक ट्रकवर ४ आकारा. दुसऱ्या धक्क्यावर रिकाम्या होणाऱ्या प्रत्येक ट्रकवर ५ आकारा. बाकी काही नाही. आता चारही वाटा तपासा. पहिल्या खाणीतून पहिल्या धक्क्यावर जाणाऱ्या ट्रकला आकार शून्य, अंतर ३. पहिल्या खाणीतून दुसऱ्या धक्क्यावर आकार ५, अंतर ५. दुसऱ्या खाणीतून पहिल्या धक्क्यावर आकार ४, अंतर ४. दुसऱ्या खाणीतून दुसऱ्या धक्क्यावर दोन्ही आकार लागतात, म्हणजे ९, अंतरही ९. कुठलीच वाट तिच्या आकारापेक्षा आखूड नाही. आणि ट्रक कसेही फिरवा, दुसऱ्या खाणीतून ६० निघणार आणि दुसऱ्या धक्क्यावर ५० पोचणार, त्यामुळे एकूण आकार ठरलेला आहे. ६० गुणिले ४ म्हणजे २४०, ५० गुणिले ५ म्हणजे २५०, मिळून ४९०. तेव्हा ४९०च्या खाली कुणीही, कधीही जाऊ शकत नाही. यात नववीच्या मुलाला न कळण्यासारखं एक अक्षर नाही. सरांना मी हे पत्राने कळवलं. त्यांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं. शाबासकी त्यात होतीच, आणि खाली नवा प्रश्न होता: ट्रक दोनशे आणि धक्के वीस असतील, तर हे आकार शोधायचे कसे?

त्या प्रश्नावर आमच्या काळात जगभर खल चालू होता. सिम्प्लेक्स व्यवहारात झपाट्याने चालते, पण १९७२ साली क्ली आणि मिंटी यांनी मुद्दाम रचलेल्या गणितांत ती शक्य उत्तरांच्या आकृतीचा प्रत्येक कोपरा गाठत बसते, असं दिसलं होतं. १९७९ साली रशियातल्या खाचियान यांनी हमखास वेळेत संपणारी पद्धत दिली, ती प्रत्यक्षात संथ निघाली. आणि १९८४ साली नरेंद्र करमरकरांची पद्धत आली. अमेरिकेतल्या मोठ्या वर्तमानपत्राने ती बातमी पहिल्या पानावर छापली. ग्वाल्हेरला जन्मलेले करमरकर १९७८ साली पवईतूनच पदवी घेऊन गेले होते, त्यामुळे आमच्या विभागात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. खाजन शेताच्या बांधावरून कोपरा-कोपरा गाठत जावं तशी सिम्प्लेक्स जाते. करमरकरांची पद्धत सरळ शेतात उतरून आतून वाट काढते. माझा प्रबंध या आतल्या वाटांच्याच आसपासचा होता. त्याचा तपशील इथे नको.

५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. त्या पावसात घरी आलो तेव्हा बेती-पणजी फेरीबोटीच्या रांगेत उभा राहिलो आणि रांगांचं शास्त्र अंगावर आलं. एका खिडकीच्या साध्या नमुन्यात खिडकी ८० टक्के वेळ गुंतलेली असेल तर सरासरी ४ जण असतात. ९० टक्के असेल तर ९, आणि ९५ टक्के असेल तर १९. कामाचा ताण थोडा वाढतो आणि रांग दुपटीने वाढते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करताना एर्लांगने १९०९ पासून हे गणित उभारलं. गोव्यात परत येऊन शिकवायचं, हे मी त्याच मुक्कामात ठरवलं.

शिकवताना खाणीचं गणित कधी सोडलं नाही, पण ते बदलत गेलं. २०१२ साली गोव्यातल्या खाणी थांबल्या. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खनिज काढायला वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली. २०१८ मध्ये पट्टेच रद्द झाले. आमच्या गावात कर्ज काढून घेतलेले ट्रक अंगणात उभे राहिले. याच गावांनी त्याआधी वर्षानुवर्षं धूळ गिळली होती, शेतात उतरलेला गाळ उपसला होता. मी विद्यार्थ्यांना विचारू लागलो, की ४९० हा आकडा किलोमीटरांचा आहे. रस्त्याकडेच्या घरातल्या म्हातारीचा खोकला यात कुठल्या ओळीत धरलाय? जे मोजायला घेतलं नाही, ते कमीही होत नाही. विषयाची ताकद मला प्रिय आहे, म्हणूनच हे मी ठासून सांगत आलो. आधी कशाचं कमीत कमी ते ठरवा, आणि ते ठरवताना ज्याला त्रास होणार त्याला विचारा.

आता आपल्या शाळेसमोरून खनिजाचे ट्रक जात नाहीत, बालरथ, म्हणजे मुलांची बस, जातो. समजा त्याचे आठ थांबे आहेत, तर ते घेण्याचे क्रम होतात ४०,३२०. असाच प्रश्न डँट्झिग, फुल्करसन आणि जॉन्सन यांनी १९५४ साली अमेरिकेतल्या ४९ शहरांसाठी सोडवला आणि याहून आखूड फेरी नाही, हेही सिद्ध केलं. बालरथाचा कमीत कमी डिझेल जाळणारा क्रम एक निघेल, आणि सर्वांत आधी चढणाऱ्या मुलाला कमीत कमी वेळ बसवणारा कदाचित दुसराच. मुख्याध्यापकांशी माझं बोलणं झालं आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीच्या वर्गात येणार आहे. मुलांनी तोवर थांब्यांची यादी, दोन थांब्यांमधला वेळ आणि प्रत्येक जण घरातून किती वाजता निघतो, एवढं वहीत उतरवून ठेवावं.