पाट्यांआधी वजनकाटा

गेल्या दिवाळीनंतर आमच्या सिंगल कॅब पिकअपच्या हौद्यावर काढता-घालता येणारा कॅम्पर, म्हणजे प्रवासात राहण्याची खोली, बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर गाडीचे बूड इतके खचले होते की अंगणात उभ्या गाडीचे पुढचे दिवे थेट माडाच्या शेंड्यांकडे रोखलेले होते. मेव्हण्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला, "दाजी, रुंद ऑल-टेरेन टायर घाला आणि मागे दोन पाटे वाढवा, काम झाले." पाटे म्हणजे मागच्या चाकांवर गाडीचा भार पेलणाऱ्या पोलादी स्प्रिंगपट्ट्या. त्या वेळी मला तो निकाल पटलाही होता. पुढचे दोन महिने टायर आणि सस्पेन्शन यांच्या मागे लागल्यावर जे उमगले, ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण जड कॅम्पर वाहणाऱ्या पिकअपविषयी मराठीत फारसे लिहिलेले माझ्या पाहण्यात आले नाही.

पाटे वाढवण्यासाठी मी गोव्यातल्या डिचोलीतील एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्यांचे सारे आयुष्य खनिजाच्या ट्रकांचे पाटे ठोकण्यात गेले. २०१२ साली खाणी थांबल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा या पट्ट्यातील अशी अनेक दुकाने ओस पडली. यांची भट्टी मात्र अजून पेटते. त्यांनी खाली वाकून पाटे पाहिले, हात पुसले आणि म्हणाले, "पयलीं वजन करून येयात, मागीर पाट्यांचें पळोवया." गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात उभे असताना त्याला वजनकाट्यावर पाठवणारा माणूस विरळाच.

पाण्याची टाकी, गॅस, बॅटऱ्या, अंथरूण-पांघरूण, शिधा आणि आम्ही उभयता अशा पूर्ण तयारीनिशी गाडी काट्यावर नेली. आधी पुढची चाके, मग मागची, मग पूर्ण गाडी आणि शेवटी काटेवाल्याची मनधरणी करून मागचे एकेक चाक, असे सगळे तोलले. एकूण वजन २,८५० किलो भरले. नोंदणीपत्रात कमाल २,९९० किलो लिहिलेले असल्याने कायद्याच्या दृष्टीने आम्ही १४० किलो आत होतो. बांधून देणाऱ्याने कॅम्पर ७०० किलोंचा असल्याचे सांगितले होते. तो रिकामा ७६० किलो निघाला. पण खरी गोम वजनाच्या विभागणीत होती. पुढच्या ॲक्सलवर (चाकांच्या आसावर) १,०१२ किलो आणि मागच्यावर १,८३८ किलो. रिकाम्या गाडीच्या मानाने हौद्यात जवळजवळ एक टन माल भरूनही, आणि आम्ही दोघे पुढे बसूनही, पुढच्या चाकांवर केवळ १२ किलो वाढले होते. मागच्या चाकांतही उजवीकडे ९५८ आणि डावीकडे ८८० अशी तफावत होती.

याचे कारण शाळेत शिकलेल्या तरफेच्या नियमात आहे. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या थोडा मागे पडला होता. आमच्या गाडीच्या दोन ॲक्सलांमध्ये सुमारे ३.१ मीटर अंतर आहे आणि शंभर लिटरची पाण्याची टाकी मागच्या ॲक्सलच्या ९० सेंटिमीटर मागे, दाराशेजारी बसवलेली होती. म्हणजे त्या शंभर किलो पाण्याने मागच्या ॲक्सलवर १२९ किलोंचा भार टाकला होता आणि पुढच्या चाकांवरचे २९ किलो उचलून घेतले होते. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग सैल लागते आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताच ती घसरू पाहतात. कितीही पाटे घातले तरी बूड उचलले जाईल, पण हे वजन पुढे सरकणार नाही. म्हणून टाकी ॲक्सलच्या ८० सेंटिमीटर पुढे, कॅबच्या पाठीशी आणली आणि उजवीकडच्या दोन बॅटऱ्यांपैकी एक डाव्या बाकाखाली हलवली. पुन्हा तोलले तेव्हा मागे १,७८३ किलो, त्यात उजवीकडे ८८५ आणि डावीकडे ८९८. या सगळ्याला खर्च आला तो नळीचा, वायरीचा आणि एका रविवारचा.

आता टायर. टायरच्या बगलेवर मापाशेजारी जो आकडा असतो, तो भारांक. तो किलोंचा आकडा नसून तक्त्यातील क्रमांक असतो: १०७ म्हणजे ९७५ किलो, ११० म्हणजे १,०६० किलो, ११२ म्हणजे १,१२० किलो. आमच्या गाडीला कंपनीकडूनच २०५ आर १६ सी मापाचे टायर आले होते आणि त्यावर ११०/१०८ असे लिहिले होते. यातला पहिला अंक एकेरी चाकासाठी आणि दुसरा जोडचाकासाठी असतो. मापापुढचा 'सी' म्हणजे मालवाहू वाहनाचा टायर. मेव्हण्याने सुचवलेले ऑल-टेरेन टायर २४५/७० आर १६ मापाचे होते. दिसायला दणकट, बगलेवर पांढरी ठसठशीत अक्षरे, आणि भारांक १०७. वर ते मोटारींच्या वर्गातले. अशा वर्गातला टायर हलक्या ट्रकला लावायचा झाल्यास त्याची क्षमता १.१ ने भागावी, असा अमेरिकेतला नियम आहे. तो लावला तर ९७५ चे ८८६ होतात आणि माझ्या डाव्या चाकावर ८९८ किलो आहेत. टाकी आणि बॅटरी हलवण्यापूर्वी तर उजव्या चाकावर ९५८ होते. रुंदी पाहून टायर बळकट असल्याचा माझा समज इथे गळून पडला. मी जुनेच माप नव्याने घेतले. भाराची मर्यादा १,०६० आणि प्रत्यक्ष भार ८९८, म्हणजे सुमारे १५ टक्के शिल्लक राहते. ही शिल्लक रस्त्यातील खड्ड्यांसाठी आणि वळणावर एका बाजूला झुकणाऱ्या वजनासाठी हवीच.

ऑल-टेरेन नक्षीची गरज होती का, हा प्रश्न उरतो. गोव्यात किनाऱ्यावर गाडी उतरवण्यास बंदी आहे, आणि आमचा बहुतेक प्रवास घाटातील डांबरावरून किंवा फार तर एखाद्या बागायतीतल्या तांबड्या मातीच्या वाटेवरून होतो. ओल्या डांबरावर पाणी बाजूला सारणारे खोल उभे चर मला अधिक उपयोगाचे वाटतात. चिखलात रोज जाणाऱ्याचे मत वेगळे असू शकेल.

टायर घेताना बगलेवरचे चार आकडेही वाचावेत. शेवटचे दोन वर्षाचे आणि आधीचे दोन त्या वर्षातील आठवड्याचे. दुकानदाराने पहिल्यांदा काढलेले दोन टायर तीन वर्षांपूर्वीचे निघाले. ते मी परत ठेवायला सांगितले. कॅम्परचे टायर झिजून गोटा होण्याआधी उभ्या-उभ्याच म्हातारे होतात, त्यामुळे ही चिकित्सा करण्यात संकोच वाटू देऊ नये. शिवाय रिमची क्षमताही टायरइतकीच पाहावी लागते. मोटारीचे देखणे अलॉय व्हील लावून मालवाहू टायरची हवा त्यात भरणे धोक्याचे आहे.

भारांक हा पूर्ण हवेवरचा आकडा आहे, ही गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. आमच्या टायरची १,०६० किलोंची क्षमता हवेचा दाब ६५ पीएसआय असताना आहे. त्याच टायरात ३५ भरले तर तो एवढा भार पेलू शकत नाही; बगल सतत दुमडते, आतून तापते, आणि भर उन्हात लांब पल्ल्यावर फुटते ती याच कारणाने. मोजमाप टायर गार असताना करावे, आणि चालून तापल्यावर वाढलेली हवा कमी करू नये, कारण ती वाढ टायर बनवताना धरलेलीच असते.

इतके झाल्यावर मी पुन्हा डिचोलीला गेलो. आपल्याकडील कारागीर बसलेल्या गाडीला बहुधा दोन-तीन पाटे ठोकून मोकळे होतात. आमची अडचण अशी की पावसाळ्याचे चार महिने कॅम्पर पडवीत ठोकळ्यांवर असतो आणि तीच गाडी नारळ-सुपारी वाहते; फार कडक पाट्यांवर रिकामी गाडी खड्ड्यातून बकरीसारखी उड्या मारते आणि उडालेले चाक ब्रेकला साथ देत नाही. म्हणून मधल्या लांबीचा एकच पाटा वाढवला आणि चेसिसखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, पोकळ रबरी टेकू बसवले. ते रिकाम्या गाडीत ॲक्सलला टेकत नाहीत, भार आल्यावर हळूहळू दबतात. हवेच्या पिशव्यांचा पर्याय मोहक होता, कारण कॅबमधून बटण दाबून गाडी उचलता येते. पण पाटा आपला भार चेसिसवर दोन टोकांना वाटून टाकतो, तर पिशवी तो ॲक्सलच्या वर एकाच जागी देते. लांब मागे लोंबणारे वजन असेल तर चेसिस त्याच ठिकाणी वाकल्याची उदाहरणे आहेत. आमचा कॅम्पर हौद्याच्या मागे दोन फूट लोंबतो, तेव्हा तो नाद सोडला.

पाट्यांनी उंची सावरली, डुलणे थांबले नाही. पणजीच्या मांडवीवरील अटल सेतूवर आडवा वारा लागला की उंच कॅम्पर झोपाळ्यासारखा हलत असे. त्याला उपाय शॉकॲब्सॉर्बरचा: पाटा जितका ताठ, तितका तो दबून परत उसळी घेताना जोर करतो, आणि ती उसळी आवरण्याइतका शॉक जड लागतो. मूळचे शॉक रिकाम्या-भरल्या गाडीची सरासरी धरून दिलेले होते. ते बदलले आणि मागे अँटी-रोल बार, म्हणजे गाडीचे एका बाजूला कलणे आवरणारा दांडा, लावला. माझ्या मते संपूर्ण खर्चात सर्वाधिक फरक या बारने पाडला, आणि त्याचे नाव कोणी आधी घेतले नव्हते.

एक खुलासा करणे आवश्यक आहे. पाटे वाढवल्याने गाडीची कायदेशीर क्षमता एका किलोनेही वाढत नाही. ब्रेक, ॲक्सल, बेअरिंग पूर्वीचेच राहतात आणि नोंदणीपत्रातील २,९९० हा आकडाही तोच राहतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही.

पाटे उघडताना काढलेले यू-बोल्ट, म्हणजे पाटे ॲक्सलला आवळून धरणारे बोल्ट, काम झाल्यावर मी परत वापरू दिले नाहीत, नवे घेतले; एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तशीच पकड धरत नाही. पाचशे किलोमीटरनंतर ते परत आवळायचे होते. म्हणून पहिली मोठी फेरी साखळी, केरी, चोर्ला घाट, जांबोटीवरून बेळगावपर्यंतच काढली. घाट उतरताना दुसरा गिअर धरला, ब्रेक जपून वापरले आणि खाली आल्यावर मागच्या चारही यू-बोल्टांना पाना लावला. डावीकडचा एक पाव फेरा फिरला. साखळीच्या पंपावर सकाळी हवा भरणाऱ्या मुलाला मागे ६५ सांगितले होते, तेव्हा त्याने तीनदा विचारून घेतले, आणि मग नळी माझ्या हातात देऊन स्वतः चार पावले मागे जाऊन उभा राहिला होता.