जुने गोव्यातील एकाकी कमान

जुने गोव्यातील सेंट पॉल कॉलेजच्या कमानीची मापे घेण्याचे काम माझ्याकडे होते, आणि संत फ्रान्सिस झेवियरच्या नोव्हेनाचे (सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांचे) दिवस सुरू असल्याने रस्त्यावरून यात्रेकरूंची ये-जा अखंड चालू होती. कॉलेजची इमारत 1832च्या सुमारास पाडून तिचा दगड पणजीच्या बांधकामांसाठी नेला गेला. मागे उरली ती एवढी एकच दर्शनी भिंत. तिचे अंग जांभ्याचे, दोन्ही बाजूंचे कोरिंथियन पद्धतीचे खांब काळ्या पाषाणाचे, वर कोनाडा आणि त्याहून वर क्रूस. जांभा पाणी पितो आणि झिजतो, पाषाणाची कोरीव धार मात्र टिकून राहते, त्यामुळे एकाच भिंतीचे दोन भाग वेगवेगळ्या वयाचे वाटतात.

सावंतवाडीहून पायी आलेला एक जथा तेथे थांबला. संत याच दरवाजातून जात-येत असत असे त्यांना कोणीतरी सांगितले होते, म्हणून काहींनी खांबांना हात लावून कपाळाला लावले. त्यांच्यातील एका शिक्षकांनी मला माहिती सांगण्याची विनंती केली, तेव्हा खरे ते सांगणे भाग पडले. झेवियर 1542 मध्ये गोव्यात आले आणि 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर वारले. कॉलेजच्या मोठ्या चर्चचे बांधकाम मात्र 1560 मध्ये सुरू झाले, आणि ही भिंत त्याच चर्चची मानली जाते. एका तरुणाने लगेच विचारले, “मग साहेब, इथं थांबायचं तरी कशाला?”

प्रश्न रास्त होता. मी म्हटले की कमान नंतरची असली तरी जागा झेवियर यांचीच आहे. 1554 मध्ये त्यांचे पार्थिव गोव्यात आणल्यावर प्रथम याच कॉलेजात ठेवले होते. बॉम जेझू चर्चमध्ये ते पुढील शतकात गेले. भारतातील पहिला छापखाना 1556 मध्ये इथेच सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी झेवियर यांची धर्मशिकवणीची पुस्तिका त्यावर छापली गेली. माझ्या मते दर्शनाच्या रांगेइतकाच वेळ या जागेलाही द्यायला हवा, पण वाहने सहसा येथे थांबतच नाहीत.

शिक्षकांनी सन वहीत टिपून घेतले. जवळच 1884 मध्ये नव्याने बांधलेले झेवियर यांचे चॅपल आहे, तिकडे जाण्याची वाट मी दाखवली. जथा पुढे निघाला, तो तरुण मात्र मागे राहिला; माझा मदतनीस शिडीवर असल्याने टेपचे खालचे टोक त्यानेच धरले आणि कोनाड्याच्या उंबऱ्यापर्यंतचे माप आम्ही पुरे केले.