दारूवाचून पंच: तुम्ही विचारलेत म्हणून

घरच्या मोठ्या मेळाव्यात मी पंच या पेयाचे भांडे मांडले, की कोणी ना कोणी जवळ येऊन विचारते, ‘यात दारू नाही, तरी हा नुसता एकत्र केलेला फळांचा रस का वाटत नाही?’ त्याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो, ‘आम्ही केला तेव्हा पहिला घोट छान लागला, पण अर्ध्या ग्लासानंतर पुढे पिववेना, असे का होते?’ हाताने वाढता वाढता मी याचे उत्तर एका वाक्यात देत आले आहे, पण ते अपुरे पडते हे मला ठाऊक आहे, म्हणून या वेळी सविस्तर लिहीत आहे.

आधी माझा पहिला पंच कसा बिघडला ते सांगते, कारण तुमचाही बहुधा तिथेच बिघडत असेल. अननस, संत्रे आणि आंबा यांचा रस मी समसमान घेतला, त्यात साखरेचा पाक घातला, वरून तीन-चार लिंबे पिळली, मंडळी येण्याच्या तासभर आधी सोडा ओतून ठेवला आणि बर्फाचे बारीक खडे मूठमूठ टाकले. रंग सुरेख आला होता. रात्री ग्लास गोळा करायला गेले तेव्हा जवळजवळ प्रत्येक ग्लास निम्मा भरलेला होता. तळाशी आंब्याचा दाट थर आणि वर फिकट, गोडसर पाणी. कोणी नावे ठेवली नाहीत, पण ते न बोलणेच मला लागले. पुढे कितीतरी वेळा तोच पंच मी थोडा थोडा बदलून केला, आणि माझे उत्तर तयार झाले ते त्यातूनच.

ते उत्तर असे, की पंचमधून दारू वगळली म्हणजे केवळ नशा वगळली जात नाही. दारू घशाला चटका देते, जिभेवर कडवटपणा ठेवते आणि गोडीला आवर घालते. म्हणून दारूचा पंच माणूस घोटघोट पितो. ती जागा रिकामी ठेवून आपण तिथे आणखी रस ओतला, तर उरतो तो गोडवा, आणि गोडव्याला तोंड लवकर विटते. कॅरिबियन बेटांवर रम पंचचे प्रमाण लक्षात ठेवण्यासाठी इंग्रजीत एक जुनी यमकबद्ध ओळ म्हटली जाते. तिचा अर्थ एक भाग आंबट, दोन भाग गोड, तीन भाग कडक आणि चार भाग सौम्य असा आहे. ‘कडक’ म्हणजे रम, ‘सौम्य’ म्हणजे पाणी, रस किंवा बर्फ. दारूवाचून पंच करताना कडक भागाच्या जागी काय घालायचे एवढाच खरा प्रश्न असतो, आणि मराठीत ‘कडक’ म्हटल्यावर जे पहिल्यांदा मनात येते तेच त्याचे माझे उत्तर आहे: चहा.

हे नवलाचे नाही, कारण जुन्या काळच्या कितीतरी पंचमध्ये चहा असेच. ‘पंच’ हा शब्द आपल्या ‘पाच’शी जोडणारी व्युत्पत्ती प्रसिद्ध आहे. इंग्रजीत तो १६३२च्या सुमारास लिखित स्वरूपात आढळतो, तोही भारतात व्यापार करणाऱ्या इंग्रजांच्या पत्रव्यवहारात, आणि ते पाच घटक सांगताना दारू, लिंबू, साखर आणि पाणी यांच्यानंतर पाचवा म्हणून कोणी मसाला सांगतात, तर कोणी चहा. या व्युत्पत्तीवर सर्वांचे एकमत नाही, पण चहाची जागा मात्र पंचमध्ये पक्की आहे. चहातील टॅनिनमुळे जिभेला जो तुरटपणा जाणवतो, तो गोडी अंगावर येऊ देत नाही आणि पुढचा घोट हवासा वाटतो.

मात्र हा चहा उकळायचा नाही. एक लिटर गार पाण्यात बारा ते पंधरा ग्रॅम काळ्या चहाची पत्ती घालून ते भांडे झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे आणि सकाळी पातळ फडक्यातून गाळून घ्यावे. गरम पाण्यात कडक केलेला चहा थंड झाला की गढूळ होतो, कारण त्यातील कॅफिन आणि टॅनिन गार पाण्यात एकमेकांना धरून बसतात. तो चहा अपायकारक नसतो, पण काचेच्या भांड्यात मळकट दिसतो. थंड पाण्यात मुरलेला चहा स्वच्छ, तांबूस राहतो आणि त्याचा तुरटपणाही सौम्य असतो. मुलांसाठी वेगळे भांडे करायचे असेल, तर चहाऐवजी लाल अंबाडीच्या सुकवलेल्या बोंडांचा काढा घालावा. त्यात कॅफिन नसते, तुरटपणा आणि आंबटपणा दोन्ही असतात, आणि रंग असा गडद लाल येतो की मुले आपणहून त्याच भांड्याकडे वळतात. त्या भांड्यात लिंबाचा रस थोडा कमी घालावा.

चटक्यासाठी आले. तोंडातील संवेदना टिपणाऱ्या ज्या ग्राही उष्णतेने आणि मिरचीच्या तिखटपणाने चाळवतात, त्याच दारूनेही चाळवतात आणि आल्यातील जिंजेरॉलनेही. म्हणून आल्याचा पंच घशातून उतरताना जी ऊब लागते ती नुसती कल्पना नसते. ताजे आले धुऊन सालासकट किसावे, फडक्यात घट्ट पिळावे आणि तो रस पंधरा मिनिटे न हलवता ठेवावा. तळाशी पांढुरका पिठूळ थर बसतो. तो आल्यातील स्टार्च असतो. वरचा रस अलगद ओतून घ्यावा आणि साका टाकून द्यावा, कारण तो पंचमध्ये गेला तर पंच जिभेवर खरखरीत लागतो. ही पंधरा मिनिटे मी कधीही वाचवत नाही.

आता आंबट. ज्यांनी ज्यांनी मला आपला फसलेला पंच चाखायला दिला, त्या सर्वांच्या पंचमध्ये लिंबू कमी होते. वीस माणसांच्या भांड्यात चार लिंबे म्हणजे काहीच नाही. तिथे चारशे मिलिलिटर रस लागतो, म्हणजे लहान लिंबे वीस-पंचवीस. तो त्याच दिवशी पिळलेला असावा. पिळण्याआधी त्यांपैकी आठ-दहा लिंबांची साले सोलण्याने काढावीत, तीही वरची रंगीत तेवढीच, कारण आतला पांढरा भाग कडू असतो. ही साले अडीचशे ग्रॅम साखरेत घालून बोटांनी चुरावीत आणि झाकून तीन-चार तास ठेवावीत. साखर सालीतील सुगंधी तेल ओढून घेते. झाकण उघडल्यावर साखर ओलसर, चकचकीत झालेली दिसते आणि सुगंध साऱ्या स्वयंपाकघरात पसरतो. मग त्याच भांड्यात लिंबाचा रस ओतून साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे आणि साले गाळून काढावीत. साध्या पाकात हा वास मिळत नाही. माझ्या मते संपूर्ण पंचमध्ये सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत जास्त फरक पाडणारी कृती हीच आहे.

वीस माणसांना प्रत्येकी दोनशे मिलिलिटरचे दोन ग्लास धरले, तर आठ लिटर पंच लागतो. त्यासाठी मी अननसाचा रस दोन लिटर, संत्र्याचा एक लिटर, गाळून घेतलेला आंब्याचा रस अर्धा लिटर, पॅशन फ्रूटचा गर बिया काढून पाव लिटर, वर सांगितलेले लिंबू-साखरेचे मिश्रण, एक लिटर चहा आणि सुमारे दोनशे ग्रॅम आल्यातून निघालेला सत्तर-ऐंशी मिलिलिटर रस घेते. शेवटी दोन लिटर सोडा. उरलेली भर बर्फ वितळून होते. एक सपाट चमचा मीठही घालते. ते खारट लागण्यासाठी नसते, तर कडवटपणा दबावा आणि फळांची गोडी उठून यावी यासाठी असते. आंबा याहून अधिक घालण्याचा मोह होतो, पण तो दाट असल्यामुळे तळाशी बसतो आणि बाकीच्या फळांना बोलू देत नाही. पॅशन फ्रूट मिळाले नाही, तर त्याच्या जागी अननस वाढवावा आणि दोन-तीन लिंबे अधिक पिळावीत. भांडे काचेचे किंवा स्टीलचे असावे. बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात इतका आंबट पदार्थ ठेवू नये.

थंडाव्याचा विचार मी शेवटी लिहीत असले, तरी करायला हवा सर्वांत आधी. गार असताना गोडी जिभेला कमी जाणवते आणि पेय कोमट होत जाईल तशी ती वाढत जाते. अर्ध्या ग्लासानंतर पंच नकोसा होण्याचे हे दुसरे कारण आहे. म्हणून चव नेहमी पूर्ण गार झाल्यावर पाहावी, आणि सोडा सोडून सर्व मिश्रण मंडळी येण्याच्या काही तास आधीच फ्रिजमध्ये ठेवावे, म्हणजे बर्फाला पंच गार करावा लागत नाही, तो फक्त गार राखावा लागतो. बर्फही मोठा हवा. दहा सेंटिमीटर बाजूच्या एका घनाकृती बर्फाचा पृष्ठभाग सहाशे चौरस सेंटिमीटर भरतो. तेवढाच बर्फ अडीच सेंटिमीटरच्या चौसष्ट खड्यांत विभागला, तर पृष्ठभाग चोवीसशे होतो, म्हणजे चौपट. बर्फ वितळतो तो पृष्ठभागावरून, त्यामुळे बारीक खड्यांनी पंच पाहता पाहता पाणचट होतो. मी मध्ये भोक असलेल्या केकच्या साच्यात अननसाच्या चकत्या आणि पाणी घालून दोन दिवस आधी एक मोठे कडे गोठवते. सोडाही बर्फासारखा गार असावा, कारण थंड द्रवात वायू अधिक काळ टिकून राहतो, आणि तो पहिला ग्लास भरण्याच्या क्षणी भांड्याच्या कडेने हळू सोडावा. त्यानंतर जोरात ढवळू नये. प्रत्येक वेळी वाढताना ओगराळे तळापर्यंत नेऊन एकदाच वर आणले, की आंब्याचा थर बसत नाही.

नारळाचे दूध किंवा साय घालू का, असेही बरेच जण विचारतात. या पंचमध्ये घालू नये. नारळातील स्निग्धांश सुमारे २४ अंश सेल्सिअसच्या खाली घट्ट होतो, त्यामुळे बर्फाळ पंचवर त्याचे पांढरे कण तरंगतात. आणि ताज्या अननसातील ब्रोमेलेन हे विकर दुधातील प्रथिने तोडते, त्यामुळे दूध किंवा साय घातलेले पेय थोड्याच वेळात कडू होते. डबाबंद अननस तापवलेला असल्याने त्यातले विकर निष्क्रिय झालेले असते, पण लिंबाने दूध फाटायचे ते फाटतेच. नारळाची चव हवी असेल, तर सोड्यातील एक लिटर कमी करून तेवढे शहाळ्याचे पाणी घालावे.

आता ज्या गोष्टीबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती सांगते. मेळाव्यात दारू न घेणारी माणसे वेगवेगळ्या कारणांनी घेत नसतात. कोणाची श्रद्धा असते, कोणी गरोदर असते, कोणाचे औषध चालू असते, आणि कोणी मोठ्या कष्टाने ती सोडलेली असते. त्यांना ‘यात दारू नाही’ असे सांगताना ते अक्षरशः खरे असले पाहिजे. सुगंधासाठी पंचमध्ये जे बिटर्सचे, म्हणजे कडवट वनस्पतींच्या अर्काचे, थेंब घालतात, त्यांपैकी अँगोस्टुरा बिटर्समध्ये ४४.७ टक्के अल्कोहोल असते. व्हॅनिलाचा अर्कही सहसा अल्कोहोलमध्येच काढलेला असतो, आणि अमेरिकेच्या नियमांनुसार त्यात किमान ३५ टक्के अल्कोहोल असावे लागते. ‘अल्कोहोलमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बिअरमध्ये ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकते. चार थेंबांनी काय होते, असे म्हणणारे भेटतात. पण ते चार थेंब चालतील की नाही, हे ठरवण्याचा हक्क पिणाऱ्याचा आहे, वाढणाऱ्याचा नाही. म्हणून मी यांपैकी काहीही घालत नाही. कडवट सुगंध हवा असेल, तर संत्र्याची साल, लवंग आणि दालचिनी चहाबरोबरच रात्रभर मुरवते.

आणखी थोडी सावधगिरी. फळांचा रस म्हणजे साखर नव्हे, असा समज असतो, परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत फळांच्या रसातील साखरही मर्यादेत ठेवण्याच्या साखरेत धरली आहे. मधुमेह असलेल्यांसाठी मी चहा, आले, लिंबू आणि सोडा यांचा बिनसाखरेचा जग वेगळा ठेवते आणि त्यात अननसाच्या दोन फोडी घालते, म्हणजे त्यांच्या हातातला ग्लासही इतरांसारखाच दिसतो. ग्रेपफ्रूट मी वापरत नाही, कारण कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही औषधांचे रक्तातील प्रमाण त्याने वाढते, आणि घरच्या मेळाव्यात ती औषधे घेणारे ज्येष्ठ हमखास असतात. एक वर्षाच्या आतील बाळाला मध द्यायचा नसतो, म्हणून साखरेऐवजी मध वापरलात, तर तसे स्पष्ट सांगावे. मी तर भांड्याशेजारी सर्व घटक लिहिलेला एक कागदच ठेवते. अडचणीचा प्रश्न चारचौघांत विचारण्याची वेळ मग कोणावर येत नाही.

राहिलेल्या पंचचे काय करायचे, हेही तुम्ही विचारले होते. दोन तासांहून अधिक वेळ बाहेर राहिलेले चिरलेले फळ मी ठेवत नाही, टाकून देते. सोडा घालण्याआधी फ्रिजमध्ये बाजूला ठेवलेले मिश्रण मात्र दुसऱ्या दिवशीही चांगले राहते, आणि तेही उरले तर ते त्याच केकच्या साच्यात ओतून गोठवते. पुढच्या वेळी ते कडे भांड्यात सोडले, की वितळताना पंच पाणचट होत नाही, कारण वितळते तोही पंचच असतो.