विरारच्या पुढे, डहाणू लोकलने

डहाणूला बहुतेक लोक हायवेने जातात. मी हिवाळ्यात चर्चगेटहून थेट लोकलने गेलो आणि तुम्हीही एकदा तसंच जा, असं अगदी आग्रहाने सांगतो. चर्चगेट ते डहाणू रोड १२४ किलोमीटर, अडीच-तीन तासांचा प्रवास. विरारपर्यंतचे ६० किलोमीटर सगळ्यांच्या पायाखालचे. खरी मजा पुढच्या ६४ मध्ये आहे.

ही लाइन मुळात मुंबईहून निघालेलीच नाही, ती मुंबईकडे आली. बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) या रेल्वे कंपनीने सुरुवात केली ती गुजरातेत. १८६० मध्ये तिकडे पहिला टप्पा सुरू झाला आणि रूळ दक्षिणेकडे सरकत १८६४ मध्ये ग्रँट रोडला पोचले. डोळा होता गुजरातच्या कापसावर. पालघर, डहाणू ही वाटेवरची स्टेशनं. १८६७ मध्ये विरारहून दक्षिण मुंबईतल्या बॅक बेला रोजची गाडी सुरू झाली, १९३६ मध्ये विरारपर्यंत वीज आली, आणि ‘लोकल’ या शब्दाची हद्द तिथेच ठरून गेली.

ती हद्द पुढे पाऊण शतक टिकली, त्याचं मोठं कारण ओव्हरहेड तारेत होतं. विरारपर्यंत १५०० व्होल्ट डीसी, पुढे २५ हजार व्होल्ट एसी, म्हणजे विजेचे दोन वेगळे प्रकार. लांब पल्ल्याच्या गाड्यांना दोन्ही करंटवर चालणारी इंजिनं मिळाली. साधी डीसी लोकल मात्र विरारपुढे जाऊच शकत नव्हती. सफाळ्याचा माणूस शटलने किंवा मेमूने (विजेवरची पॅसेंजर गाडी) विरारला यायचा, तिथे उतरून लोकल पकडायचा. पालघरकरांची भिस्त फ्लाइंग राणीसारख्या थांबा असलेल्या एक्स्प्रेसवर. ती हुकली की दिवसाचा खाडा. २०१२ मध्ये चर्चगेटपर्यंतची सगळी लाइन एसीवर आली आणि १६ एप्रिल २०१३ ला डहाणू लोकल सुरू झाली. पुढच्याच वर्षी पालघर जिल्हा झाला. माझ्या मते इथल्या माणसाच्या रोजच्या जगण्यात जिल्ह्याआधी लोकलने फरक पाडला.

विरार सोडल्यावर बसायला डावीकडची खिडकी धरा. थोड्याच वेळात वैतरणा स्टेशन आणि मग खाडीवरचे दोन लांब पूल, रेल्वेच्या भाषेत ९२ आणि ९३ नंबरचे. गर्डरांचा आवाज डब्यात घुमतो, खाली गढूळ पाणी आणि तिवरं. दोन पुलांच्या मधल्या बेटावर वाढीव गाव आहे. तिथली माणसं वर्षानुवर्षं या पुलांवरूनच जीव मुठीत धरून चालत ये-जा करत आली आहेत. दारात उभं राहून फोटो काढू नका. त्याच पुलांवर रुळालगत माणूस असू शकतो, हे लक्षात असू द्या.

सफाळ्याला उजवीकडे तांदुळवाडीचा डोंगर दिसतो. पलीकडच्या फलाटावर मुंबईच्या गाडीसाठी भाजीवाल्या उभ्या होत्या. ओल्या फडक्याखाली पालेभाज्यांच्या जुड्या, टोपलीच्या कडेला खोचलेलं पासचं पाकीट. गाडी थांबली आणि चढणाऱ्यांनी आधी टोपल्या आत घेतल्या, मग स्वतः चढले. केळव्याला पानमळे, वाणगावला मिरची, बोईसरला एमआयडीसीचे कामगार. बोईसरला डबा रिकामा होतो म्हणा ना.

आता कामाचं. डहाणू लोकल मोजक्याच आहेत, त्यामुळे वेळ एम-इंडिकेटर अ‍ॅपवर आदल्या रात्री आणि निघताना, दोन्हीदा बघा. थेट गाडी जुळत नसेल तर विरारला बदला. या लोकलमध्ये संडास नाही. लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी सोबत असतील तर विरारला उतरून सगळं आटोपून पुढची गाडी घ्या, नाहीतर मेमू बघा, तिच्यात सोय असते. पाणी भरपूर घ्या. संध्याकाळी मुंबईहून निघणारी डहाणू लोकल पर्यटनासाठी मुळीच धरू नका. तीन तास उभं राहून घरी जाणाऱ्यांची ती गाडी आहे.

वेळेचा हिशोबही सैल ठेवा. विरारपुढे दोनच रूळ आहेत आणि त्यावरूनच राजधानी, मालगाड्या, लोकल सगळं धावतं. आमची गाडी उमरोळीला बाजूला उभी राहिली, मागची एक्स्प्रेस धडधडत पुढे गेली, मग सिग्नल मिळाला. रोज हे सोसणाऱ्यांसाठी चौपदरीकरण, म्हणजे दोनाचे चार रूळ करणं, ही चैन नाही. एमयूटीपी-३ या मुंबईच्या रेल्वे सुधारणेच्या योजनेतून ते काम मंजूर झालं २०१६ मध्ये. ते होईपर्यंत डहाणूला लोकल आहे, पण उपनगराची सेवा पूर्ण मिळाली असं मी म्हणणार नाही.

डहाणू रोडला पश्चिमेला उतरा. पारनाक्याच्या किनाऱ्याला शेअर रिक्षा मिळते. वेळ असेल तर घोलवड-बोर्डीच्या बाजूला जा. चिकूच्या वाड्या तिकडेच, आणि घोलवडच्या चिकूला जीआय मानांकनही आहे. चिकू घेताना थोडे कडक घ्या, पिकलेले लोकलच्या गर्दीत टिकत नाहीत. केळव्याचा समुद्र आणि शितलादेवीचं देऊळ बघायचं तर केळवे रोडला उतरावं लागतं, स्टेशनपासून गाव बरंच आत आहे; डहाणू आणि केळवे एकाच दिवसात कोंबू नका. आणि परतीची गाडी ठरवल्याशिवाय किनाऱ्यावर जाऊ नका. एक लोकल चुकली तर पुढच्या गाडीची बराच वेळ वाट बघावी लागते.